चिमणीची बेल

बेल विकायला काय अक्कल लागते, असं तुम्ही हसून म्हणता ना, मग हे ऐका. आपल्या डोंबिवलीच्या दुकानात एक नाना आले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झालेले, घरात एकटेच. हातात दाराची चिमणीच्या आवाजाची बेल.

"शेठ, ही वाजत नाही हो. लोक येऊन परत जात असतील."

मी वायर जोडून बटण दाबलं. अख्खं दुकान चिवचिवलं. नाना म्हणाले, "बघा, मुकी!"

म्हटलं, "नाना, बेल ठणठणीत आहे. गाण्याच्या मोठ्या स्पीकरमध्ये जाड आवाजासाठी एक फिल्टर असतो, तो बारीक आवाज अडवतो आणि जाड आवाज सोडतो. वय झालं की कानही तेच करतो." मग त्यांना जाड आवाजाचा बझर लावून दाखवला. नाना दचकले, हसले आणि चिमणी माझ्याकडेच ठेवून तो घेऊन खुशीत गेले.

थोड्या दिवसांनी बझर परत घेऊन हजर.

"काय नाना, ऐकू नाही येत?"

"येतो की, स्पष्ट. रोज मीच दाराबाहेर जाऊन दाबून बघतो."

"मग?"

"ती चिमणीच द्या परत. तेव्हा निदान वाटायचं, कोणीतरी येऊन गेलं असेल, मलाच ऐकू आलं नसेल."