अकरा घरांचे वाटे

उत्तनच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन कोळिणी रिकाम्या पाट्या घेऊन उभ्या होत्या.

"माझ्या इमेल्डाचा कॅनडातून फोन आला. गावकऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला गेली होती."

"नर्सबाई शिकारीला?"

"पार उत्तरेचं गाव हाय. तिथं हरणंच कमी. सहा दिवस बर्फात चालले, तेव्हा एक दिसलं."

"तिनं मारलं?"

"न्हाय, एका म्हाताऱ्यानं. पण मटणाचे अकरा घरांचे वाटे इमेल्डानं घातले. कोणालाच कमी न्हाय. म्हाताऱ्यानं विचारलं, कुठं शिकलीस?"

"मग?"

"बोलली, माझी आई भाईंदरच्या बाजारात मासे विकते."

"कॉलेजात होती तेव्हा बाजारात तुला ओळखपण दाखवायची न्हाय."

"न्हाय दाखवायची. पण तिकडं अख्ख्या गावापुढं सांगितलं."