बांधलेल्या बॅगा

— नाही नाही, तो नळ नव्हे, तो नुसता शोभेला आहे. पाणी येतं मोरीतल्या नळाला. साडेपाचला येतं, सातला जातं, म्हणजे उठायचंच दीपकराव, दुसरा इलाज नाही — ड्रम भरायचा आणि वर झाकण ठेवायचं. बसा ना, गॅलरीतच बसू. रुपालीवहिनी पडल्यात तर पडू देत, तासगावपासनं बसून आल्यात. मी काय, माझी एस्टी दुपारची आहे, परळ डेपोतनं. तुम्हाला चावी दिली की मी मोकळा. हॉस्पिटल ना? चालत बारा मिनिटं. पण जाताना चाला, येताना टॅक्सी. केमो झाल्यावर पेशंटला चालवत आणायचं नाय, मी एकदा बायकोला आणलंय, जिन्यातच बसली होती ती. अडतीस पायऱ्या आहेत. पहिल्या माळ्यावर खुर्ची दिसली? ती मी ठेवलीय. आख्ख्या चाळीत कोण हलवत नाही, पोरंसुद्धा बसत नाहीत तिच्यावर.

आणि अकरा वाजले की ही खिडकी लावून घ्या. खाली मसाला कुटायचे डंक सुरू होतात, मिरचीचा खकाणा वर येतो, पेशंटला ठसका लागतो. आमच्या दर्शनाला? — तिला चालायचा. उलट म्हणायची, उघडी राहू दे, आपल्या लांज्याला मे महिन्यात असाच वास असतो. आता मे महिन्यात लांज्याला आंब्याचा वास असतो की मिरचीचा, तुम्हीच सांगा! पण तिला कोण बोलणार. अंगणवाडीत पंचवीस पोरं सांभाळायची ती, मी पडलो वायरिंगवाला, दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभा, माझं काय चालणार तिच्यासमोर... आत्ता? आत्ता ती गावाला गेली. पुढे. मी सामान आवरायला थांबलो. वहिनींचा रिपोर्ट कधी मिळणार म्हणालात? शुक्रवारी. बरं.

समोर तो हिरवा दरवाजा आहे ना, त्या सरोजिनीकाकू. खोली त्यांचीच. काय लागलं तर हाक मारायची, लाजायचं नाही. पहिल्या दिवशी वालाची उसळ घेऊन आल्या होत्या — मी परत पाठवली. हो, खरंच. म्हटलं, काकू, आम्ही दोन महिन्यांसाठी आलोय, कशाला तुम्ही... दर्शना चार तास बोलली नाही माझ्याशी.

एक विचारू, राग मानू नका. दोन तास झाले तुम्हाला येऊन. त्या बॅगा अजून बांधलेल्या का? मघाशी वहिनी चेन उघडत होत्या, तर तुम्ही म्हणालात, राहू दे, दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे. ऐकलं मी. पाठ होती माझी, पण ऐकलं. अहो, हेच! हेच मी म्हणालो होतो, ह्याच दारात. आणि चौदा महिने काढले इथं. चौदा महिने तिने साड्या बॅगेतनं काढल्या आणि बॅगेत ठेवल्या. भिंतीला खिळा मारू दिला नाही मी तिला — मी! रोज लोकांच्या भिंती फोडणारा माणूस! कॅलेंडर पेटीवर आडवं पडलेलं असायचं, तारीख बघायला वाकायला लागायचं. चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या, मी म्हणायचो, आपण काय इथले आहोत? माझ्या डोक्यात असं बसलेलं, की इथं घर मांडलं की आजारपण पण मुक्कामाला बसणार. बॅग बांधलेली असली की परत जायचं नक्की. वेडेपणा आहे, मान्य. पण तुम्ही पण तेच करताय, दीपकराव.

नवीन जागेत गेलं की दूध उतू घालतात — तुमच्याकडे करतात ना? आमच्याकडे तर त्याशिवाय चूल आपली होतच नाही. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, अर्धा लिटर दूध आणा. मी ओरडलो. एवढा ओरडलो, की समोर काकूंनी दार लावून घेतलं. म्हटलं, घर आपलं लांज्याला आहे, इथं काय उतू घालायचं नाही. ती हो म्हणाली. पुन्हा विषय काढला नाही तिने.

गावाला गेली म्हणालो ना मघाशी. नाही. गेली ती. पंचवीस दिवस झाले. इथंच गेली, ह्या खोलीत, तुम्ही पिशवी ठेवलीय त्या कोपऱ्यात तिची कॉट होती — नको, नको, उठू नका, पिशवी राहू दे. वहिनींना सांगू नका फक्त. वहिनींचं वेगळं आहे, त्यांचं लवकर कळलंय, त्या बऱ्या होणार. मी तुम्हाला हे सांगणारच नव्हतो. नळाचं सांगायचं, जिन्याचं सांगायचं आणि निघायचं, असं ठरवून आलेलो.

दिवस-कार्य गावाला केलं आणि काल संध्याकाळी खोली रिकामी करायला आलो. काकूंनी चहा दिला. मी म्हटलं, काकू, सगळं केलं हो मी तिचं, इंजेक्शनं, रांगा, रक्त, कशाला मागं हटलो नाही. तेवढं अर्धा लिटर दूध आणलं नाही. तिचं शेवटचं घर हे, आणि मी ते तिला करू दिलं नाही. काकूंनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अरे बाबा, केलंन तिने."

तिसऱ्याच दिवशी. मी फाईल काढायला रांगेत उभा, आणि हिने इकडे काकूंकडनं दूध मागून आणलंन, शेगडीला हळदकुंकू लावलंन, काकूंना पाटावर बसवून दूध उतू घातलंन. काकूंच्या हातावर साखर ठेवलीन. आणि मग मी यायच्या आत शेगडी घासून पुसून लख्ख. मला आठवतंय ना! मी आल्यावर विचारलं, आजारी माणूस तू, शेगडी कसली घासत बसतेस? म्हणाली, वेळ जात नव्हता. म्हणजे ती चौदा महिने स्वतःच्या घरात राहिली, दीपकराव. मीच राहिलो लॉजवर राहिल्यासारखा. आणि काकू घरी निघाल्या तेव्हा त्यांना म्हणाली — काकूंनी तिचे शब्दच सांगितले मला — म्हणाली, "ह्यांना बोलू नका हां काकू. खूप घाबरलेत ते."

मी घाबरलेलो. केस तिचे गेले, जीव तिचा जात होता, आणि सांभाळत होती कोणाला...

वहिनी उठल्या बघा. हाक मारतायत तुम्हाला. जा. नाही, मी नाही येत आत. घ्या ही चावी, आणि जा ना आता — माझ्याकडे काय बघत बसलाय!