पडल्या पडल्या मागितलेली माफी

जपानमधल्या उरायासुच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या उत्तराच्या कानावर मराठी पडलं. शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर कुबड्या होत्या.

"अपील नको, चारुता. वकीलही नकोच म्हणाले."

"तू सायकलवर सरळ चाललेला, गाडी त्याने वळवली, पाय तुझा मोडला. आणि निम्मी चूक तुझी?"

"पडल्या पडल्या मीच त्याला 'सुमिमासेन' म्हणालो ना! पोलीस आले, तरी म्हणतच होतो. न्यायाधीशांनी विचारलं, चूक नव्हती तर माफी का मागितली?"

"अरे, इथे लिफ्टमध्ये शिरतानाही माणसं माफी मागतात! तुलाही तीच सवय लागली. चार साधी माणसं बसवली असती ना ज्युरीत, त्यांना लगेच कळलं असतं."

"इथे साधी माणसं बसवतात, पण खुनासारख्या खटल्यात. भरपाईच्या दाव्यात नाही."

"म्हणजे त्याने तुला ठार मारलं असतं, तर ऐकलं असतं त्यांनी."



तेवढ्यात उत्तराचं नाव पुकारलं. ती गडबडीने उठली आणि तिची पिशवी त्याच्या दुखऱ्या पायावर आदळली. तो कळवळला. मग बसल्या जागी मान झुकवून म्हणाला,

"सुमिमासेन."