घसा बसल्याचा दाखला

नातीनं खो-खोची चड्डी ट्रंकेत कोंबली, त्या दिवसापासून कस्तुराबाईंचं डोकं ठणकत होतं. म्हणून त्या सात रस्ता चौकातल्या दवाखान्यात नंबर लावून बसल्या होत्या. शेजारी मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ कंपाउंडरच्या कानाशी कुजबुजत होते. पण गर्दीतल्या कीर्तनातही बुवांचा शब्द न सांडणारे बाईंचे कान ते.

"शरणप्पा, घसा बसलाय असा दाखला काढून द्या. उद्याच्या फायनलपुरता."

"पण घसा तर खणखणीत आहे की तुमचा."

"हळू बोला. स्पर्धेची समिती म्हणते, सामन्याचं वर्णन करताना ज्या कर्ण्यावरून बोललात, त्याच कर्ण्यावरून माफी मागा. त्याशिवाय त्या धनगरांच्या पोरी मैदानात उतरणार नाहीत."

"असं बोललात तरी काय?"

"गंमत केली हो. काळ्या मेंढ्या सुटल्या बघा, म्हटलं. आता घरी भाकऱ्या कोण थापणार, म्हटलं."

"आणि लोक हसले?"

"हसले की. म्हणून तर दोनदा म्हटलं."

कस्तुराबाईंनी पिशवीत हात घातला.

"दादा, घसा बसलाय व्हय तुमचा?"

मफलर नाकापर्यंत चढला. आतून घोगरा आवाज आला, "पार बसलाय, मावशी."

"मग ह्यो ज्येष्ठमध चावा. आमचे बुवा ह्येच्यावर तीन-तीन तास कीर्तन करत्यात."

"लई मायाळू तुम्ही."

"न्हाय बाबा, त्यातली एक मेंढी माजी नात हाय. चावा निवांत. तुमास्नी तर दोनच वाक्यं बोलायचीत."