हातात द्यायची काच

"काच कचराकुंडीत टाकू नका, झाडणाऱ्या बाईच्या हातात द्या." नव्या नियमाचा भोंगा गल्लीतून फिरून गेला, तो आवाज अजून कानात होता.

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे शेजारच्या रत्नम्मा होत्या, त्यांच्यापुढे आमची गल्ली झाडणारी बजाबाई. माझा सोमवारचा जप चालला होता, तरी ऐकू येत होतं.

"बजा, कुटं व्हतीस इतके दिस? गल्लीत नाक धरून फिरतोय आमी."

"कुंडीतली काच लागली, अम्मा. लई चिघळलं. डाक्टरनी बोटच काढलं."

"शिव शिव. हातात द्यायचा नियम झालाय की आता."

"देतंय कोण हातात?"

"पूजेआदी तुला कसं शिवायचं ग? केरात गुंडाळून टाकतो आमी."

"म्हाईत हाय की."

"रागावू नगं. हितनं पुढं मी हातात देईन बघ."

"सुनेला द्या. आजपासनं माझ्या जागी तीच झाडतीया."

"आज?"

"आता तुमच्याच कुंडीपाशी असंल. का वो?"

"सकाळी कंदिलाची काच फुटली माझ्याकडनं."

बजाबाई उठू लागली.

"तू बस. मी टाकलीया, मीच काढते."

रत्नम्मांनी पदर खोचला आणि दुखरा गुडघा सावरत त्या रांगेतून बाहेर पडल्या.