बादल्यांचा हिशेब

सिसिलीतल्या त्या गावात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येई. हाडांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या आगाताच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं पडत होतं.

"मशीन वापरलेलं आहे, पण निम्म्या पाण्यात धुतं. घेऊया, कोंचेत्ता."

"आणि संडासात काय ओतू? धुण्याचं पाणी मी त्यासाठीच तर साठवते."

"अगं, वाचलेलं पाणी गच्चीवरच्या टाकीतच राहील. नुसती साखळी ओढायची."

"म्हणजे बादल्या उचलायच्या नाहीत?"

"नाहीत."

"एकही?"

"एकही नाही."

"हे सुचायला माझी कंबर मोडावी लागली होय?"

तेवढ्यात आतून कोंचेत्ताचं नाव पुकारलं.

"बाई, तुम्ही जा आधी," ती आगाताला म्हणाली. "अहो, बघताय काय? मशीनवाल्याला फोन लावा, दुसरं कुणी घेऊन जाईल."