पक्ष्यांना नावे ठेवू नयेत

...आणि बोलायचं नाही म्हणे! आता मला सांगा, माणसानं तोंड काय फक्त दाढी करायला ठेवलंय? एक दिवस नाही, दोन दिवस नाही, एकवीस दिवस! एकवीस दिवस मी तोंडात मूग धरून बसलोय, मूग कसले, अख्खं पोतं धरून बसलोय, आज सुटलोय, तेव्हा कुणी मध्ये उठू नका, पाणीबिणी प्यायचं असेल तर आत्ताच प्या, मी काही थांबत नाही...

तुम्हाला सांगतो, मी मूळचा बोलण्यातलाच माणूस. बसस्टँडवर गाड्या पुकारायचो. एकतीस वर्षं! आणि एकतीस वर्षांत एकानं, अहो एकानं नीट ऐकलं असेल तर शप्पथ! मी पुकारायचो, "फलाट क्रमांक चारवरची गाडी सुटत आहे," आणि तोंड मिटतो न मिटतो तोच खिडकीत डोकं, "ओ साहेब, चारवर कुठली लागलीय?" परत सांगायचो. तोवर गाडी जायची. परत तेच डोकं, "ओ साहेब, गेली का? सांगायचं नाही का?" शेवटी मशीन आलं. त्याचंही कोणी ऐकत नाही, पण मशीनला वाईट वाटत नाही, एवढाच फरक. मी रिटायर झालो आणि घरी बसलो. घरी बसलो म्हणजे घरी बोलत बसलो. बायकोनं दीड महिना कळ काढली, मग एके सकाळी पेपरातलं कात्रण माझ्या चहाच्या कपाखाली सरकवलं. जखमी शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात मदतनीस पाहिजे. म्हणाली, "जा. मुकी जनावरं आहेत, ऐकून घेतील बिचारी."

गेलो. तर फाटकावरच पाटी... शांतता राखा. म्हटलं, आली का पंचाईत!

तिथं ससाणे आहेत, घारी आहेत, पण मुख्य भरणा घुबडांचा. कोण मोटारीला धडकलेलं, कोण तारेत गुंतलेलं, कुणाला पिल्लू असताना कुणीतरी उचलून घरी नेलेलं. सगळा कारभार डॉक्टरीणबाईंचा, वयानं माझ्या मुलीएवढ्या, मला काका म्हणतात, पण दरारा असा की घारसुद्धा त्यांच्यापुढं पंख आवरून बसते. आणि त्यांच्या हाताखाली एक जुना माणूस, सतरा वर्षं झाली त्याला. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच, "हुं." म्हणून सगळे त्याला हुंदादा म्हणतात. मी पहिल्या दिवशी त्याला माझी सगळी हकिकत सांगितली, लग्नापासून, दोन तास! शेवटी विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?" म्हणाला, "हुं." बसा आता!

मला काम दिलं पिल्लांच्या खोलीत. त्या खोलीच्या भिंतीवर एक पाटी. नीट ऐका हं, सगळं रामायण त्या पाटीनं केलंय. एक, पक्ष्यांना नावे ठेवू नयेत. दोन, विनाकारण बोलू नये. बस! आता तुम्ही मराठी माणसं आहात ना? मला सांगा, नावं ठेवू नयेत म्हणजे काय? म्हणजे निंदा करू नये! मी वाचलं आणि अहो, मला भरून आलं. म्हटलं किती थोर विचार! कारण घुबडाला काय कमी नावं ठेवतो आपण? कोण गप्प बसलं, घुबड. कोण टक लावून बघतंय, घुबड. माझ्या लग्नात आमच्या सासूबाई मला बघून काय म्हणाल्या? जाऊ दे. तर जन्मभर सगळ्या जगानं नावं ठेवलेला हा जीव, निदान इथं तरी त्याला कोणी टाकून बोलू नये, अशी ती पाटी आहे असं मी समजलो. इतका शहाणा मी!

आणि दोनच दिवसांत ते आलं. एका जुन्या गोदामाचं छप्पर काढताना खाली पडलेलं, गव्हाणी घुबडाचं पिल्लू. दोन आठवड्यांचं. पांढरा कापूस, त्यात एक चोच, आणि सगळा वेळ फुस्स... फुस्स... स्टोव्हला पंप मारल्यासारखं. भरवायची पद्धत काय, तर तोंडावर जाळीचा बुरखा घालायचा, एका हातात घुबडाच्या तोंडाची बाहुली घालायची, दुसऱ्या हातात चिमटा, चिमट्यात उंदराचा तुकडा. म्हणजे पिल्लाला वाटावं, आईच भरवतेय. साठीचा माणूस मी, बुरखा घालून, हातात बाहुली नाचवत, उंदराचे घास भरवतोय! बायकोनं एकदा डबा द्यायला येऊन काचेतून बघितलं, डबा तिथंच ठेवून गेली, तीन दिवस माझ्याकडे बघून नुसती खुदकन हसायची.

पण पिल्लू घाबरलेलं हो! घास घेईना. मागे मागे सरकायचं. मग मी काय केलं... नावं ठेवायची नाहीत ना? मग कौतुक केलं! "वा वा वा! काय डोळे आहेत! असे डोळे आमच्या घराण्यात कुणाला नाहीत! चोच बघा, काय घडवलीय!" आणि तुम्हाला सांगतो, त्यानं मान वाकडी केली, डावीकडे झुललं, उजवीकडे झुललं... आणि ऐकायला लागलं. ऐकायला लागलं! अहो, एकतीस वर्षं भोंग्यातून ओरडलो, घरी सदतीस वर्षं संसार केला, पण असं, मध्ये न तोडता, घड्याळाकडे न बघता, "ते राहू द्या, आधी गॅस बंद करा" असं न म्हणता, पापणीसुद्धा न हलवता माझं पूर्ण ऐकून घेणारं आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी भेटलं. मग मी थांबतोय होय? कौतुक संपलं, स्टँडच्या गोष्टी सांगितल्या. त्या संपल्या, सासूबाईंच्या सुरू केल्या. ते ऐकायचं आणि खायचं, खायचं आणि ऐकायचं. मी गप्प झालो की चोच बंद. म्हणजे विनाकारण कुठं बोलत होतो मी? कारण होतं ना समोर बसलेलं!

दोन महिने असे गेले. कापूस गेला, पिसं आली, सोनेरी पाठ, पांढरं पोट, देखणं म्हणजे किती देखणं! त्याला मोठ्या पिंजऱ्यात हलवलं, ते उडायला लागलं, जिवंत उंदीर स्वतः पकडायला लागलं. आणि मग परीक्षा आली. परीक्षा काय, तर माणसानं पिंजऱ्यात शिरायचं आणि पक्ष्यानं घाबरून लांब पळायचं. पळाला तर पास, तो जाणार रानात. नाही पळाला तर नापास, पायात लाल पट्टी, आणि जन्मभर केंद्रात. लाल पट्टीवाल्यांची ओळ आहे तिथं एक. त्यात एक घुबड आहे, कुणीतरी दिवाणखान्यात वाढवलेलं, ते गेली नऊ वर्षं एका चामड्याच्या बुटावर प्रेम करतंय. हसू नका! रोज उंदीर आणून त्या बुटापुढं ठेवतं. बूट खात नाही. तरी दुसऱ्या दिवशी परत ठेवतं. मी ते बघितलं आणि त्या दिवशी माझा डबा मला गेला नाही.

तर परीक्षेला डॉक्टरीणबाई बाहेर वही घेऊन, हुंदादा दाराशी, आणि आत मी, बुरखा घालून. दोन पावलं टाकली, पक्षी मागे सरकला. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. आणि मी... अहो सवय मेली! मी म्हटलं, "शाब्बास!"

एकच शब्द. तो थेट उडत आला आणि माझ्या खांद्यावर बसला. नुसता बसला नाही, कानापाशी तोंड आणून फुस्स फुस्स करायला लागला, म्हणजे सांगा ना, पुढं काय झालं!

डॉक्टरीणबाई आत आल्या. आवाज चढवत नाहीत त्या, तेच तर वाईट. "काका, तुम्ही याच्याशी बोलत होतात?" म्हटलं, "कौतुक करत होतो. नावं ठेवू नयेत लिहिलंय." त्या म्हणाल्या, "काका! नावं ठेवू नयेत म्हणजे नाव देऊ नये! राजा, सोन्या, असं नाव ठेवू नये! नाव दिलं की माणसाचा जीव जडतो, जीव जडला की तो बोलायला लागतो, आणि तो बोलायला लागला की पक्षी माणसाळतो!" अहो पण मी नाव दिलंच नव्हतं! नाव न देता, निंदा न करता, पाटीबरहुकूम वागून मी ते पाखरू वाया घालवलं होतं. बुरखा होता, बाहुली होती, माझं तोंड त्याला कधी दिसलं नाही. दिसत नव्हतं, पण चालू होतं ना! मी हुंदादाकडे बघितलं, म्हटलं हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. म्हणाला, "हुं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकच उपाय. तुमच्या आवाजाची त्याला भीती बसली पाहिजे. आत जा आणि ओरडा." म्हणजे काल कौतुक केलं, आज शिव्या घाला! गेलो. डबा आपटला. ओरडलो, "मेल्या! दळभद्र्या! काळतोंड्या!" गोरंपान पाखरू ते, त्याला काळतोंड्या म्हणताना माझी जीभ चाचरत होती. आणि ते? ते आनंदानं झुलतंय! डावीकडे, उजवीकडे! त्याला शब्द थोडेच कळतात? त्याला वाटलं, म्हातारा आज फार रंगात आलाय. मी जितका ओरडतोय तितकं ते जवळ येतंय. दोन दिवस मी घसा फोडून त्याला हाकललं आणि दोन दिवस ते माझ्या डोक्यावर बसून ऐकत राहिलं. पालथ्या घड्यावर पाणी!

तिसऱ्या दिवशी आवाजच बसला. फक्त हवा. तसाच आत गेलो, पाण्याचं भांडं बदलायला. आणि... तुम्हाला सांगतो... ते फुललं. पंख पसरले, मान खाली घातली, चोच टक्‌ टक्‌ वाजवली, आणि मी हात पुढं केला तर पाठीवर पडून दोन्ही पाय माझ्या मनगटात रुतवले. हे बघा, व्रण अजून आहे. मग उडून पार टोकाच्या फांदीवर. मी तिथंच भांडं धरून उभा. कारण माझा आवाज वजा केला तर मी त्याच्या लेखी कोण? एक अनोळखी माणूस! आणि बाहेरून डॉक्टरीणबाई पहिल्यांदा आनंदानं ओरडल्या, "उत्तम!"

निकाल लागला. एकवीस दिवस! केंद्रात माझा एक शब्द निघता कामा नये. घुबडाला गवताखालचा उंदीर चालताना ऐकू येतो, तेव्हा फाटकाबाहेरसुद्धा नाही. खोकला आला तर रुमाल. शिंक आली तर गिळा. आणि रोज दोनदा आत जायचं, मुकाट, आणि त्यानं मला घाबरलेलं बघायचं. मी भांडं ठेवायचो, ते फिस्कारायचं. मनात म्हणायचो, अरे मीच आहे रे! पण बोलायचं नाही म्हणे!

आणि तोंड म्हणजे काही नळ नाही हो, केंद्रात बंद आणि घरी चालू करायला. एकदा घरी सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिथं सुटलंच असतं. म्हणून घरीही गप्प. पहिल्या दिवशी बायको खूश, दुपारी निवांत झोपली म्हणे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "रागावलात का?" मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी बहिणीला फोन, "अगं हे बोलत नाहीयेत, काहीतरी लपवतायत." मी कागदावर लिहून दिलं, "घुबडासाठी करतोय." कागद वाचून ती जास्तच घाबरली. आठव्या दिवशी भाजी चिरता चिरता रडायलाच लागली. "भांडा हो माझ्याशी! निदान माझ्या आईला तरी काहीतरी बोला!" सदतीस वर्षांत तिनं पहिल्यांदा मला बोला म्हटलं, आणि मी बोलू शकत नव्हतो. असं नशीब!

एकविसाव्या दिवशी परत परीक्षा. मी आत गेलो, पक्षी टोकाला. डॉक्टरीणबाई आत गेल्या, त्या मुद्दाम बोलल्या, मोठ्यानं, पक्षी टोकावरून इंचभरही पुढं आला नाही. मग त्यांनी मला खूण केली. बोला. एकच शब्द. अहो, एकवीस दिवस ज्याची वाट बघितली तो शब्द! मी म्हटलं, "शाब्बास."

मान वाकडी झाली. एक क्षण.  ये म्हणू की नको येऊ म्हणू, काय मागू तेच कळेना. आणि मग तो... चोच वाजवून वर छताला गेला. पास!

काल संध्याकाळी सोडला. दिवस मावळायला, शेतांच्या कडेला, जुनं पडकं कोठार आहे तिथं. खोका उघडला, तो खोक्याच्या काठावर येऊन बसला. समोर आम्ही तिघं. त्यानं हुंदादाकडे बघितलं, डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिघांकडे सारखंच. मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. मग पंख उघडले, आवाज नाही, काही नाही, आणि गेला. मागे वळून बघितलं नाही. बघायचं नसतंच म्हणे.

आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा हुंदादा बोलला. सतरा वर्षांत पहिल्यांदा! माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "पहिला जड जातो." मी वाट बघितली, पुढं काही म्हणेल. नाही म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला. पक्षी सोडल्याचा. खाली छापलेलं वाक्य असतं, पक्षी वाढवणाऱ्यानं सही करायची. "मी प्रमाणित करतो की हा पक्षी मला ओळखत नाही." केली सही. पेन नीट चालत नव्हतं, म्हणून दोनदा करावी लागली.